कॉन्राडला कुणी मेण लावलं?

थंडी ही माणसाने स्वतःलाच दिलेली सबब आहे, असं स्टुर्ला ब्रेक्के नेमबाजी मंडळाच्या वार्षिक सभेत उभा राहून म्हणाला, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं. तसं वाक्य चांगलं होतं. घरी आरशासमोर त्याने ते दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. पण डोंगरातल्या स्कोगदाल गावच्या लोकांना थंडीबद्दल कुणी शिकवलेलं खपत नाही, आणि बर्गनच्या माणसाने शिकवलेलं तर मुळीच नाही. बर्गनला समुद्र आहे, पाऊस आहे, छत्र्या आहेत. खरी थंडी तिथे पाहुणी म्हणूनसुद्धा जात नाही, असं स्कोगदालचं ठाम मत होतं.

स्टुर्लाला इथे येऊन आठ वर्षं झाली होती. बायको इथली, घर इथलं. गावाच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासणारा तो एकटाच, त्यामुळे गावाच्या पोटात रोज काय जातं याची त्याच्याइतकी माहिती डॉक्टरलाही नव्हती. तरीही नेमबाजीला गेलं की मंडळाच्या नोंदवहीत बोर्घिल्डआजी त्याचं नाव लिहायच्या आणि पुढच्या 'गाव' या रकान्यात पेन्सिलीने ठळक अक्षरांत लिहायच्या : बर्गन.

"आजी, माझं घर तुमच्या घरापासून चारशे मीटरवर आहे," एकदा न राहवून तो म्हणाला होता.

"मग? अंतर कुणी विचारलंय?" आजी म्हणाल्या. "गाव विचारलंय."

बोर्घिल्डआजी एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि मंडळातल्या सगळ्यांपेक्षा चांगली बंदूक चालवायच्या, त्यामुळे हा विषय तिथेच संपला होता. संपला म्हणजे नोंदवहीपुरता. स्टुर्लाच्या मनात तो दर शनिवारी नव्याने सुरू व्हायचा.

तर, सभा. मंडळाचं मैदान डिसेंबर ते मार्च बंद असतं. ते हिवाळाभर दर शनिवारी उघडं ठेवावं, शुद्ध हवा, स्वच्छ ऊन, बर्फ, नेमबाजी, साच्यात भाजलेले गरम वाफल आणि कॉफी यांचा आनंद लोकांनी घ्यावा, असा स्टुर्लाचा ठराव होता. त्याची अपेक्षा होती की विरोध होईल. विरोधाला द्यायची उत्तरं त्याने आकड्यांसकट तयार ठेवली होती. पण सगळे एका सुरात "करा की" म्हणाले आणि त्याच श्वासात त्याला हिवाळी प्रमुख नेमून मोकळे झाले. हे पद मंडळाच्या घटनेत पहिल्यापासून होतं. ते भरण्याइतका बेसावध माणूस आजवर सापडला नव्हता, इतकंच.

सोमवारी तो नगरपालिकेत गेला. मैदान गावापासून तीन किलोमीटर वर डोंगरात. रस्त्यावरचा बर्फ नगरपालिकेच्या गाडीने काढला तरच हिवाळ्यात माणूस तिथे पोचणार. तिथल्या रस्ते विभागाच्या खिडकीवर केतिल बसायचा. केतिल आणि स्टुर्ला शरद ऋतूत शेजारीशेजारी पालथे पडून गोळ्या झाडत असत, पण खिडकीच्या पलीकडे बसलं की केतिल कुणाला ओळखत नसे.

"नियमित वापर सिद्ध करावा लागेल," केतिल म्हणाला. "जानेवारीच्या पहिल्या शनिवारी पंधरा नेमबाज. प्रत्येकाच्या पाच गोळ्या. नोंदवहीत सह्या. मग हिवाळाभर गाडी येईल."

"आणि चौदा आले तर?"

"चौदासाठी वेगळा फॉर्म होता."

"मग तो दे."

"तो छापणं बंद झालंय. पंधरा नाही झाले तर गाडी जाते स्कीच्या पायवाटेकडे, आणि तुमचं मैदान मार्चपर्यंत बंद. पुन्हा अर्ज नाही. आणि हे बघ, मला वाटतं म्हणून नाही सांगत हं, फॉर्मवर आहे म्हणून सांगतोय."

उणे वीस तापमानात पंधरा माणसं घराबाहेर कशी काढायची, हा प्रश्न स्टुर्लाने शास्त्रीय पद्धतीने हाताळायचं ठरवलं. कागदी गोल निशाणांसाठी कुणी आगीपुढून उठणार नाही. लोक येतील तर कॉन्राडसाठी.

कॉन्राड हा मंडळाचा प्लायवूडचा एल्क. एल्क म्हणजे हरणाच्या घराण्यातला, पण घोड्याहून उंच आणि ओघळलेल्या नाकाचा प्राणी. खरा एल्क इथल्या प्रत्येकाच्या जंगलात आणि निम्म्यांच्या फ्रीजमध्ये असतो. कॉन्राड मात्र चाकांच्या गाडीवर उभा राहून, रुळांवरून, मातीच्या दोन ढिगाऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून धावायचा. मोटार त्याला तारेने ओढायची आणि लोक त्याच्या छातीवरच्या वर्तुळावर नेम धरायचे. एकतीस वर्षं हे चाललं होतं. प्रत्येक छिद्रावर तपकिरी कागदाची चकती चिकटवायची रीत होती, त्यामुळे आता कॉन्राड निम्मा लाकडाचा आणि निम्मा कागदाचा होता. गावाचा त्याच्यावर फार जीव.

अडचण एकच. रूळ बर्फाखाली गोठले होते.

स्टुर्लाने मीठ टाकलं. उणे वीसला मीठ काही करत नाही हे त्याला माहीत होतं. पण माहीत असणं आणि आशा सोडणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. मग त्याने गरम पाणी ओतलं. दहा मिनिटांत रुळांवर आधीपेक्षा जाड, आधीपेक्षा गुळगुळीत आणि प्रयोगशाळेच्या दृष्टीने अत्यंत शुद्ध बर्फ तयार झाला. मग त्याने बायकोचा केस वाळवायचा पंखा नेला. त्या रात्री इंगून ओले केस घेऊन त्याच्यासमोर जेवायला बसली.

शेवटी तोडगा सुचवला तो शेजारच्या ओडमुनने, कुंपणावरून. ओडमुनने चाळीस वर्षं बर्फ काढायची गाडी चालवली होती आणि निवृत्त झाल्यापासून तो शेजाऱ्यांचे मार्ग मोकळे करून द्यायचा.

"चाकं काढ," तो म्हणाला. "स्की लाव."

"एल्कला?"

"मग काय तुला? हिवाळ्यात चाकांवर फिरणारा एल्क बघून लोक हसतील, स्टुर्ला. म्हणतील, बर्गनहून आलाय."

स्टुर्ला दुखावला, पण घरी जाऊन त्याने घर्षणाचं गणित मांडलं आणि गणित ओडमुनच्या बाजूने निघालं. इंगूनच्या वडिलांचे जुने लाकडी स्की माळ्यावर होते. दोन दिवसांत कॉन्राड स्कीवर उभा राहिला. दिसत फार ऐटदार होता. पण तालमीच्या दिवशी मोटार सुरू केली तर तो जागचा हलेना. स्टुर्लाने मोटारीची कप्पी बदलून तिचा वेग दुप्पट केला. तेव्हा कॉन्राड नाइलाजाने, सासरी निघाल्यासारखा, पुढे सरकला.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली, जी स्टुर्लाने कुणाला सांगितली नव्हती आणि जी संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक होती. लोकांना ऊब मिळावी म्हणून त्याने मैदानावरची झोपडी बावीस अंशांवर तापवली आणि स्वतःची बंदूक प्रेमाने आत आणून ठेवली. थंड लोखंडावर उबदार हवेतलं पाणी दवासारखं धरलं. बंदूक बाहेर नेताच ते पाणी गोठलं आणि खटका जाम झाला. दव कसं धरतं हे त्याने विद्यापीठात परीक्षेला लिहिलं होतं, आणि त्यात त्याला पहिला वर्ग होता.

"बंदूक थंडीतच राहू द्यायची," आजी पुढे केव्हातरी भिंतीकडे बघत म्हणाल्या. "पाळण्यातल्या पोराला उबेची गरज नसते, तर बंदुकीला कसली?" त्यांचं बरोबर होतं. गावातली तान्ही मुलं दुपारची झोप अंगणात, बाबागाडीत, उणे दहामध्येच घेत असत.

आता उरला मेणाचा प्रश्न. स्की घसरायचा तर खाली मेण हवं, आणि कुठल्या बर्फाला कुठलं मेण यावर स्कोगदालमध्ये बोलणं धोक्याचं होतं. धर्म, निवडणुका, शेताची हद्द यांवर इथे लोक शांतपणे बोलतात. मेणावरून दोन सख्खे भाऊ अकरा वर्षं बोलत नव्हते. बातमी फुटताच स्टुर्लाला दुकानात, चर्चबाहेर, पाण्याचे नमुने घेताना सल्ले मिळू लागले. "हिरवं लाव." "हिरव्याखाली निळं लाव, नाहीतर लावूच नकोस." "माझ्या आजोबांचं डांबर आहे, चमचाभर देतो, कुणाला सांगू नकोस." केतिलसुद्धा खिडकीतून वाकून कुजबुजला, "पांढरं. मी हे कर्मचारी म्हणून बोलत नाहीये."

स्टुर्लाने सगळ्यांचे आभार मानले, तीन वेगवेगळ्या खोलींवर बर्फाचं तापमान मोजलं, आणि हिरव्या मेणाचा एक पातळ, समान थर लावला. मग कॉन्राडला शेडमध्ये उभं करून तो निश्चिंत मनाने घरी गेला. शेडला कुलूप नव्हतं. स्कोगदालमध्ये कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्यावर आरोप करणं.

जानेवारीचा पहिला शनिवार उगवला तो उणे एकोणीस अंशांचा, निळ्या आभाळाचा आणि वाऱ्याचं नाव नसलेला. अशा हवेत माणसाला आपण उगाचच चांगले आहोत असं वाटतं. अकरा वाजता इंगूनने वाफलचा पहिला घाणा काढला. बोर्घिल्डआजींनी नोंदवही उघडली आणि पेन्सिलीला टोक केलं. या थंडीत शाई गोठते. साडेअकराला मोजणी झाली. आजी, ओडमुन, इंगून, स्टुर्ला, आणि ओडमुनचे दोन मेहुणे, ज्यांनी बंदुका आणल्या होत्या पण ज्यांचं लक्ष वाफलकडे होतं. सहा.

"येतील," स्टुर्ला म्हणाला.

"सगळे घरी बसून वाट बघतायत," ओडमुन म्हणाला.

"कशाची?"

"तुझं काय फसतं याची. फसलं की कळवा, असं मला तिघांनी सांगून ठेवलंय."

मैदान मार्चपर्यंत बंद होणं एक. पण पुढची तीस वर्षं 'थंडी ही सबब आहे' हे वाक्य दुकानात मासे घेताना ऐकावं लागणं, हे त्याहून वाईट. तरी स्टुर्ला ताठ उभा राहिला. "आजी, सुरुवात करा," तो म्हणाला. "आवाज ऐकून येतील."

आजी पालथ्या झाल्या. स्टुर्लाने मोटारीचं बटण दाबलं.

इथे एक तांत्रिक बाब सांगायला हवी. मोटारीचा वेग दुप्पट केला होता तो न घसरणाऱ्या एल्कसाठी. आज उभा असलेला एल्क तो एल्क नव्हता. कॉन्राड तीरासारखा सुटला. त्याने स्वतःला ओढणाऱ्या तारेलाच मागे टाकलं, सैल पडलेल्या तारेचा आकडा निसटला, आणि ज्या ढिगाऱ्यामागे त्याने थांबायचं होतं त्या ढिगाऱ्यावर नेमका उडी मारण्याजोगा बर्फ साचला होता. कॉन्राडने उडी मारली. चांगली मारली. मान वर, पाय जुळलेले. पलीकडे झाडं तोडलेला उतार होता, सरळ खाली जाणारा.

आजींनी बंदूक खाली ठेवली. "पळणाऱ्या एल्कवर मी नेम धरते," त्या म्हणाल्या. "पळून गेलेल्यावर नाही."

स्टुर्लाने स्की चढवले आणि बर्फातल्या खुणांमागे निघाला. अर्ध्या उतारावर स्कीची पायवाट आडवी जाते. तिथे एक म्हातारं जोडपं बाजूला उभं होतं. मागून वेगात येणाऱ्याला वाट द्यायची हा इथला शिरस्ता, आणि त्यांनी तो पाळला होता.

"इकडून एक एल्क गेला का?" स्टुर्लाने धापा टाकत विचारलं.

"गेला की," आजोबा म्हणाले. "छान घसरत होता. मेण कुठलं आहे?"

इकडे वर मैदानावर ओडमुनचा फोन वाजला. गाडीने ठोकरलेल्या, जखमी झालेल्या जनावरांचा माग काढणाऱ्या गावच्या पथकाचा तो प्रमुख होता. फोन पोलीस ठाण्यातून होता. हमरस्त्याच्या कडेला मोठा एल्क उभा आहे, हलत नाही, आणि छातीवर गोळ्यांच्या खुणा आहेत, डझनावारी, असं एका बाईने कळवलं होतं.

शिकारीचा मोसम डिसेंबरातच संपलेला. जानेवारीत गोळ्या झाडून एल्कला तसंच सोडून देणं याच्याइतका नीच गुन्हा स्कोगदालमध्ये दुसरा नाही. ओडमुन लाल झाला. त्याने पथकातल्या आठही जणांना फोन लावले. "बंदूक घ्या आणि या. सगळे या. कुणीतरी जनावराची चाळण केलीय." मग तो मेहुण्यांना घेऊन गाडीत बसला. स्वतःचा एल्क हरवलेला असताना दुसरा सापडला, यात काही संबंध असावा असं त्याला रागाच्या भरात सुचलं नाही. इंगूनला सुचलं होतं. पण तिला केसांचा पंखा आठवला आणि ती वाफल उलटत राहिली.

स्टुर्ला खाली पोचला तेव्हा कॉन्राड रस्त्याकडेच्या बर्फात गुडघ्यापर्यंत रुतून, स्की गडप, रुबाबात उभा होता. चाळीसेक मीटरवर एक गाडी थांबलेली होती आणि तिच्या बोटभर उघड्या काचेतून हळुवार आवाज येत होता.

"शांत राहा हं. हलू नकोस. मदत येतेय. किती सोसलंयस रे राजा."

ती युरुन, ऑस्लोची दातांची डॉक्टर, डोंगरातल्या आपल्या लाकडी घरी निघालेली. गेली वीस मिनिटं ती कॉन्राडशी बोलत होती. स्टुर्लाने कॉन्राडच्या मानेला मिठी मारून त्याला उपटायला सुरुवात केली तेव्हा ती किंचाळली. मग कॉन्राड आडवा वळला, आणि सव्वा सेंटिमीटर जाडीचा झाला. ज्या रुग्णाला आपण वीस मिनिटं धीर दिला तो लाकडी निघावा, हे कुठल्याही डॉक्टरला लागेलच.

तेवढ्यात गाड्या येऊन थांबल्या. ओडमुन, मेहुणे, मागोमाग पथकातले आठ जण. एकाने झोपेतला पायजमा तसाच ठेवून वर शिकारीचा कोट चढवलेला. त्यांच्यात केतिलही होता. सगळ्यांनी बर्गनवाल्याला कॉन्राडच्या गळ्यात पडलेला पाहिला. स्टुर्लाने डोळे मिटले. आता हसतील, त्याला वाटलं. आता तीस वर्षं हसतील.

पण कुणी हसलं नाही. पायजमेवाला पुढे होऊन वाकला, स्की उलटा केला, नखाने खरवडला आणि वास घेतला.

"वरचा थर माझा," तो म्हणाला.

"म्हणजे?" स्टुर्ला म्हणाला.

"गुरुवारी आलो होतो शेडमध्ये. तुझं हिरवं बघवेना."

"म्हणजे डांबरावर लावलंस?" दुसरा ओरडला. "ते मी बुधवारी तापवून मुरवलं होतं!"

"तापवून? मग त्याखालचं माझं निळं वितळलं असणार!"

"पांढरं सगळ्यांच्या आधी होतं," केतिल म्हणाला. "मंगळवार. कचेरी सुटल्यावर."

ओडमुनने उताराकडे पाहिलं. वर ढिगाऱ्यापासून खाली रस्त्यापर्यंत दोन सरळ, स्वच्छ रेघा चकाकत होत्या. "नऊशे मीटर," तो हळूच म्हणाला. "एका दमात. उभ्याने." मग सगळेच पाहत राहिले, आणि हे श्रेय कुणाच्या मेणाचं यावर असं भांडण जुंपलं की ओडमुनच्या फोनवर ताटकळत असलेल्या पोलिसाला ओरडून विचारावं लागलं, एल्कचं काय करायचं?

"हा जनावराचा फॉर्म बंद कसा करायचा?" ओडमुनने केतिलला विचारलं. "ठार केला, मृत सापडला, सापडला नाही, की निरोगी, सोडून दिला?"

"'सापडला नाही' लिहिलंस तर दोन दिवस कुत्रा घेऊन शोधावा लागेल. 'निरोगी' लिही."

"कुठे सोडला, असं पुढे आहे."

"आपल्या मैदानावर," स्टुर्ला म्हणाला. त्याला अचानक हुशारी आली होती. "सोडायला सगळ्यांनी यावं लागेल. जड आहे. वर वाफल आहेत. आणि बंदुका तर आणल्याच आहेत तुम्ही."

बारा माणसांनी कॉन्राडला त्याच्याच स्कीवरून दोरीने ओढत वर नेलं. प्रत्येक पावलाला मेणाची तारीफ चालू होती. युरुनही मागोमाग आली. आपल्याला काहीतरी भरपाई मिळायला हवी असं तिचं म्हणणं होतं, आणि ती काय असावी हे तिला तिथे पोचेपर्यंत ठरवायचं होतं.

मोटारीला जुनी कप्पी बसली. कॉन्राड शहाण्यासारखा इकडून तिकडे धावू लागला. ऊन पडलेलं, बर्फ चमकतोय, बंदुका नियमाप्रमाणे बाहेर गारठलेल्या आणि माणसं आत ऊब घेऊन पुन्हा बाहेर येतायत. स्टुर्लाने सभेत जे जे वर्णन केलं होतं ते सगळं तिथे होतं. एकेक जण पाच गोळ्या झाडून सही करत गेला. शेवटी केतिलने वही पाहिली आणि त्याचा चेहरा खिडकीतल्यासारखा झाला.

"चौदा," तो म्हणाला.

कॉफीचे पेले थांबले.

"केतिल, अरे आज शनिवार आहे," ओडमुन म्हणाला.

"मला वाटतं म्हणून नाही. फॉर्मवर आहे."

"मी पंधरावी," दारातून युरुन म्हणाली. "मला परवाना नाही. पण या एल्कशी माझं बोलणं अर्धवट राहिलंय."

परवाना असलेल्याच्या देखरेखीखाली चालतं, हे केतिललाही मान्य करावं लागलं. बोर्घिल्डआजी तिच्या शेजारी पालथ्या झाल्या आणि कानात काहीतरी सांगत राहिल्या. चार गोळ्या डोंगरात गेल्या. पाचवी कॉन्राडच्या छातीवरच्या वर्तुळात, मधोमध.

"वीस मिनिटं," युरुन उठत म्हणाली. "वीस मिनिटं एक शब्द बोलला नाही मेला."

ऊन कलायला लागल्यावर सगळे पांगले. जाताना पायजमेवाला म्हणाला, "पुढच्या शनिवारी जरा लवकर उघड. मेणाचं नीट ठरवायला हवं." स्टुर्लाने झोपडी झाडली, कॉन्राडच्या छातीवर नवी तपकिरी चकती चिकटवली आणि केतिलला द्यायची म्हणून नोंदवही उचलली. सवयीने त्याची नजर आपल्या नावाकडे गेली.

त्याच्या वर ओडमुनचं नाव होतं, आणि पुढे 'गाव' खाली : स्कोगदाल. त्याच्या नावापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. होत्या फक्त दोन बारीक तिरप्या रेघा, वरच्यासारखंच असं सांगणाऱ्या. स्टुर्लाने शास्त्रीय सावधपणाने पुन्हा तपासलं. वरचं नाव ओडमुनचंच होतं. रेघा त्याच्याच ओळीत होत्या.

"आजी," तो म्हणाला आणि वही त्यांच्यापुढे धरली.

बोर्घिल्डआजी हातमोजे चढवत होत्या.

"काय बघतोस?" त्या म्हणाल्या. "पेन्सिल संपत आलीय."